लांडगा एवढं बोलत बसत नाही : लेकरांना प्राण्यांच्या कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

गोदाकाठची
गंगाखेडजवळच्या आमच्या गावात शनिवारी दुपारी मी लेकरांचा गोष्टीचा तास घेते. तिसरी ते सहावीची पोरं, येतील तेवढी. परवा इसापाची लांडगा-कोकराची गोष्ट सांगितली. कोकरू ओढ्यावर पाणी पितंय, लांडगा म्हणतो तू माझं पाणी गढूळ केलंस, तू नाही तर तुझ्या बापानं केलं असेल, वगैरे. मेंढपाळाच्या घरचा एक पोरगा मध्येच म्हणाला, "ताई, लांडगा एवढं बोलत बसत नाही. उचलतो अन् निघतो."

या पोरांनी लांडगा पाहिलाय. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, एका रात्रीत झोपवलेला हरभरा पाहिलाय. टोपी घालून गाणं म्हणणारा ससा त्यांना चालत नाही. दुसरीकडे प्राण्यांची माहिती देणारी चकचकीत पुस्तकं आणली, तर त्यात निम्मे पेंग्विन आणि पांढरी अस्वलं. चित्रं बघितली की पुस्तक बाजूला.

माझं मत असं की जुन्या गाजलेल्या गोष्टींपैकी ज्यात प्राणी प्राण्यासारखा वागतो तेवढ्याच सांगाव्यात. तात्पर्यवाल्या गोष्टी शाळेवर सोडून द्याव्यात. तुम्ही काय म्हणता? वाद घाला, पण जाता जाता नावंही सुचवा.

तिरकस_तूरडाळ
लांडग्यानं न बोलता उचललं तर गोष्ट दोन ओळीत संपते. इसापानं मानधन कशाचं मागायचं?

माळावरचा
पोरगं खरं बोललं. आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरं. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली की कुत्री सोडायची. लांडगे दोघं असले तर एक मुद्दाम लांबून तोंड दाखवतो. कुत्री भुंकत त्याच्यामागं पळतात, तोवर दुसरा उलट्या बाजूनं येतो. सगळा खेळ गुपचूप. ओरडतं ते माणूस.

आजा मात्र लांडग्याला शिवी देऊ द्यायचा नाही. म्हणायचा, त्याचाबी वाटा असतो. एखादं कोकरू गेलं तर दोन दिवस जेवायचा नाही, पण विष घालायला कुणी आलं तर काठी घेऊन उठायचा. आता कायद्यानंच लांडगा वाघाच्या यादीत हाय. आज्याला कायद्याची गरज पडली नाही.

गुरुजी_निवृत्त
गोदाकाठची, तुमच्या शंकेबद्दल आदर आहे, पण गल्लत होतेय. ती गोष्ट लांडग्याची नाहीच. ज्याला खायचंच आहे तो आधी कागदपत्रं कशी तयार करतो, त्याची ती गोष्ट आहे. मी परभणी जिल्ह्यात नोकरी केली. सहावीच्या वर्गात ही गोष्ट सांगून विचारायचो, असा लांडगा कुठं पाहिला का? पोरं खाली बघायची. एकदा एक मुलगी म्हणाली, आमच्या दारात वसुलीवाला येतो तो असंच बोलतो. आधी व्याज, मग दंड, मग आजोबानं घेतलेलं. तिनं तात्पर्य विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुमच्या त्या पोराला बोलणाऱ्या लांडग्याचा राग नाही. त्याला लांडग्याची वकिली खोटी वाटली, आणि ती खोटीच आहे. गोष्ट तेच सांगते.

गोदाकाठची
गुरुजी, हे पटलं. म्हणजे निम्मं पटलं. मग तात्पर्यवाल्या गोष्टी तात्पर्य कापून सांगायच्या?

गुरुजी_निवृत्त
कापूनच. तात्पर्य छापणाऱ्यानं घातलेलं असतं, सांगणाऱ्यानं ते वाचायला पाहिजे असं कुठं आहे?

उदगीरचा_भाऊ
पंचतंत्राला हात लावायच्या आधी माझं ऐकून घ्या. ते नुसतं नीतीचं पुस्तक नाही, लिहिणाऱ्यानं रान बघितलेलं आहे. तिसरं तंत्र काकोलूकीय, म्हणजे कावळे आणि घुबडांचं वैर. आता तुमच्या शेतातल्या आखाड्यावर दुपारी एखादं घुबड चुकून उघड्या फांदीवर बसलं की बघा. पाच मिनिटांत गावातले सगळे कावळे गोळा. टोचे मारतील, वरून झेपा घालतील, हुसकल्याशिवाय गप बसायचे नाहीत. कारण रात्री पारडं उलटं असतं. कावळ्याला अंधारात दिसत नाही आणि घुबड त्याच्या घरट्यावर येतं. पंचतंत्रातही घुबडांचा राजा रात्रीच येऊन कावळ्यांच्या वडावर हल्ला करतो. विष्णुशर्म्यानं राजनीती वर चढवली, पण बुडाशी निरीक्षण आहे.

लेकरांना आधी कावळे-घुबड दाखवा, मग गोष्ट सांगा. उलट करू नका.

कडवंचीवाला
कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही पण निरीक्षणाचीच गोष्ट बरं का! शहरातली माणसं विचारतात की कोल्हा मांस खाणारा, तो द्राक्षाखाली काय करतो. आमच्या बागेत या रात्री. कोल्हा बोरं खातो, ऊस खातो, मक्याची कणसं खातो आणि मांडवाचे खालचे घड तर हमखास खातो. सकाळी अर्धवट ओरबाडलेला घड आणि खाली पावलं.

फक्त इसापाचा कोल्हा डिसेंबरात आलेला असणार. तेव्हा मणी हिरवे, कडक. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, उगाच बदनाम झाला.

तिरकस_तूरडाळ
म्हणजे दोन अडीच हजार वर्षं आपण एका चांगल्या द्राक्षतज्ज्ञाची टिंगल करतोय.

लातूरची_लेक
माझ्याकडून एकच नाव. मोगलीचं दुसरं पुस्तक, किपलिंगचं 'सेकंड जंगल बुक'. पहिलं १८९४चं, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं १८९५चं, आणि त्याच्या सुरुवातीचीच गोष्ट दुष्काळाची आहे.

पाऊस दडी मारतो. आधी साळिंदर येऊन मोगलीला सांगतं की रानातले कंद वाळायला लागलेत. मोगली हसण्यावारी नेतो. मग मोहाला फुलं धरत नाहीत. मग वैनगंगा आटत जाते आणि पात्राच्या मधोमध एक खडक उघडा पडतो. तो खडक दिसला की म्हातारा हत्ती सोंड वर करून पुकारतो, आजपासून पाण्यावर तह. पाणवठ्यावर जो शिकार करेल त्याला मरणाची शिक्षा. एका काठाला हरणं, डुकरं, रानम्हशी. समोरच्या काठाला वाघ, लांडगे, बिबळ्या, अस्वल. सगळ्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. शेरखान येतो तो माणूस मारून, आणि त्याच्या तोंडाचं रक्त पाण्यात उतरतं. हत्ती त्याला विचारतो, प्यायलास? मग नीघ.

हे मी मुलाला २०१६च्या उन्हाळ्यात वाचून दाखवलं. लातूरकरांना वर्ष वेगळं सांगायला नको. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, त्याआधी मार्चमध्येच पाणी भरायच्या जागी १४४ कलम लागलं होतं. पाचच्या वर माणसं जमायची नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, रानात पोलीस नव्हते, तरी त्यांनी कसं ऐकलं?" तेवढ्यात गल्लीत टँकर आला आणि मी घागरी घेऊन पळाले. उत्तर अजून द्यायचंय.

बाभूळबन
लातूरची_लेक, अंगावर काटा आला. आमच्याकडे त्याच उन्हाळ्यात विहिरीच्या काठावर मोर आणि कुत्रं एकाच डबक्यावर पीत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मिलकॉर्नर
सगळं ठीक आहे, पण किपलिंग? 'गोऱ्या माणसाचं ओझं' लिहिणारा हाच ना? ज्याला आपण अर्धे सैतान अर्धे पोरं वाटलो, त्याच्याकडून आपल्या लेकरांनी आपलंच रान शिकायचं? शिवाय ही पुस्तकं त्यानं अमेरिकेत, व्हर्मांटच्या बर्फात बसून लिहिली.

उदगीरचा_भाऊ
जन्म मुंबईचा, १८६५. तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

मिलकॉर्नर
जन्म मुंबईचा म्हणून आपला होतो का? मग अर्धी मुंबईच आपली.

लातूरची_लेक
मिलकॉर्नर, त्याची कविता मला पण नको. पण पाण्याच्या तहात कुणी गोरा नाही. तिथं कायदा हत्ती सांगतो आणि माणसाची भीती रानात कशी आली ते सांगतो. माझ्या मुलाला एवढं पुरे. मोठा झाला की बाकीचं वाचेल आणि माझ्याशी भांडेल.

सायकलवाली
कोणी दूरदर्शनवरच्या 'जंगल बुक'चं नाव कसं घेतलं नाही अजून? रविवार सकाळ! आमच्या वाड्यात एकच टीव्ही, आणि वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी उतरवायची. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. आमचे काका त्यानंतर वर्षभर म्हशीवर त्याच आवाजात ओरडायचे. म्हैस दूध आटवून बसली.

तिरकस_तूरडाळ
म्हशीनं शेरखानला घाबरणं हे मूळ पुस्तकाच्या विरुद्ध आहे.

येडशीचा_वाटसरू
तूरडाळ चेष्टेत बोलले, पण मुद्दा बरोबर आहे. पुस्तकात शेरखान म्हशींच्या खुराखाली मरतो. सिनेमात पेटती फांदी वगैरे दाखवतात, पुस्तकात ती वेळ वेगळी. मोगली गावची म्हसरं राखत असतो. लांडग्यांच्या मदतीनं कळपाचे दोन भाग करतो, रेडे ओढ्याच्या वरच्या तोंडाला नेतो आणि म्हशी-वासरं खालच्या तोंडाला उभी करतो. वाघ मध्ये, घळीत झोपलेला. आणि झोपलेला का? तर पहाटेच डुक्कर मारून खाल्लंय, वर पाणीही प्यायलाय. भरल्या पोटी त्याला दरड चढवत नाही. हे म्हसरं राखणाऱ्याला सांगा, त्याला एका शब्दाचा अर्थ विचारावा लागणार नाही.

आमच्याकडे ही गोष्ट आता गोष्ट राहिलेली नाही. २०२४च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात वाघ आला, थेट यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत. त्याआधी २०२१ साली गौताळ्यातही तिकडूनच आला होता. आमच्या पिढीनं वाघ फक्त भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत बघितला होता. आता पुतणी विचारते, काका, आपल्या वाघाला म्हातारीचं माहीत आहे का?

आणि तिची आई संध्याकाळी पाचनंतर शेतात थांबत नाही. दोन्ही एकाच घरात चाललंय. त्यामुळं वाघ कसा गोड असतो अशा गोष्टीही नकोत आणि वाघ म्हणजे राक्षस अशाही नकोत. वासरू गेलेल्या घरात बसून सांगता येईल अशी गोष्ट पाहिजे. तशी मला अजून सापडली नाही.

खोकड
सापडेल. सीटन नावाचा माणूस, १८९८चं पुस्तक, त्यात लोबो लांडग्याची गोष्ट. न्यू मेक्सिकोतल्या गुराख्यांच्या गायी हा लांडगा मारायचा. विष ओळखायचा, सापळे उकरून उघडे पाडायचा. सीटनला त्याला मारायलाच बोलावलं होतं. शेवटी आधी त्याची मादी ब्लँका पकडली आणि तिच्या मागावर आलेला लोबो सापडला. जानेवारी १८९४मध्ये तो मेला. मारणाराच गोष्ट सांगतोय, आणि सांगताना त्याचा आवाज हळूहळू बदलत जातो. गुराख्याचं नुकसानही खरं, लांडगाही खरा.

आणि गोदाकाठचीचा जो वाद आहे, प्राणी प्राण्यासारखा की माणसासारखा, तो अमेरिकेत होऊन गेलाय. १९०३मध्ये जॉन बरोज या निसर्गलेखकानं सीटन आणि त्याच्यासारख्यांवर सडकून टीका केली, की हे लोक प्राण्यांना माणसाची अक्कल चिकटवतात आणि वर खरी हकिकत म्हणून विकतात. १९०७मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यात उतरले.

तिरकस_तूरडाळ
राष्ट्राध्यक्षाला लांडग्यावर बोलायला वेळ होता. सुखी देश.

बाभूळबन
खोकड, लोबो मी लहानपणी वाचला आणि रडून ताप आला होता. सहावीच्या खालच्या लेकरांना नको.

माळावरचा
ताप येऊ द्या की. आमच्या पोरांनी कोकरू मेलेलं बघितलंय, लांडग्याचं पिल्लू बिळात धुरानं मारलेलं बी बघितलंय. त्यांना गोष्टीनं ताप येत नसतो. उलट कुणीतरी याच्यावर लिहिलंय म्हणल्यावर बरं वाटंल.

पैठणी_नव्हे_पैठणकर
मिलकॉर्नरना घरची गोष्ट पाहिजे ना? घ्या. आमच्या पैठणची, म्हणजे प्रतिष्ठानची. कथासरित्सागरात आहे, सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरात बसून लिहिलेली.

गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. पैजेत हरला म्हणून त्यानं संस्कृत, प्राकृत, देशी सगळ्या भाषा सोडल्या आणि विंध्याच्या रानात जाऊन पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नाही, म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजाकडे पाठवली. राजा म्हणाला, पिशाच्चांची भाषा, वर रक्तानं लिहिलेली, घेऊन जा.

मग गुणाढ्यानं टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला कोण? हरणं, डुकरं, म्हशी, रानातले सगळे प्राणी भोवती गोल करून बसले. चरायचं सोडलं, डोळ्यांतून पाणी. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुकं मांस खाल्ल्यानं झालंय. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकारी म्हणाले, रानात एक बामण पानं वाचून जाळतोय, जनावरं ऐकत बसलीत, खात नाहीत, तर मांस येणार कुठून! राजा धावत गेला तोवर सहा लाख जळालेले. उरला तो एक लाख.

तात्पर्य विचारू नका.

तिरकस_तूरडाळ
म्हणजे राजाला साहित्याची किंमत मटण बिघडल्यावर कळली. मराठवाड्याची खरी परंपरा ही!

मिलकॉर्नर
हे भारी आहे. किपलिंग मागे घेतो. म्हणजे माझा आक्षेप नव्हे, किपलिंगच.

वेरूळ_अजिंठा_रिक्षा
गाईडच्या धंद्यात होतो म्हणून सांगतो. प्राण्यांच्या गोष्टींचं खूप जुनं चित्रांचं पुस्तक आपल्याच मराठवाड्यात भिंतीवर आहे आणि शाळेच्या सहली त्यासमोरून "चला चला, पुढं चला" करत निघून जातात. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात महाकपी जातक आहे, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्माची गोष्ट. माकडांचा राजा स्वतःच्या अंगाचा पूल करतो आणि कळप त्याच्या पाठीवरून पलीकडे जातो. तिथंच षड्दंत हत्ती. राणी मागच्या जन्मी त्याचीच हत्तीण असते, जुना राग धरून शिकाऱ्याला सुळे आणायला पाठवते. शिकाऱ्याला करवत चालवता येत नाही, तर हत्ती स्वतः सोंडेत करवत धरतो. सुळे समोर आल्यावर राणीचा जीव जातो. हीच गोष्ट १० नंबरातही आहे, कितीतरी आधीची.

लेकरांना मात्र सुरुवात १ नंबरापासून करून द्या. तिथं एका खांबावर चार हरणं आणि चौघांत मिळून डोकं एकच. प्रत्येक धडाला ते बरोबर बसतं. मी फक्त विचारायचो, डोकं कुणाचं? पोरं अर्धा तास भांडायची, तोवर डोळे अंधाराला सरावायचे, मग भिंतीवरचं दिसायला लागायचं. आत उजेड मुद्दाम कमी असतो आणि फ्लॅश चालत नाही.

गोदाकाठची
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल शनिवार होता. लातूरची_लेक, पाण्याचा तह सांगितला. वाचून नाही, आपल्या बोलीत. वैनगंगेचं नाव तेच ठेवलं, पोरांनी नकाशात शोधली. शेरखानच्या तोंडाचं रक्त पाण्यात उतरतं तिथं सगळी गप्प. नंतर भांडण वेगळंच लागलं. हत्तीला कुणी निवडून दिलं? एक मुलगी म्हणाली, तो शाकाहारी म्हणून. दुसरा म्हणाला, नाही, त्याला खडक आधी दिसतो म्हणून. मेंढपाळाचं पोरगं म्हणालं, तो कुणाच्याच पोटात मावत नाही म्हणून.

माझं आधीचं मत तेवढं कडक राहिलं नाही. इथं हत्तीही बोलतो आणि साळिंदरही, पण कुणाला खोटं वाटलं नाही. तहान खरी होती.

आता येडशीच्या वाटसरूंचा प्रश्न डोक्यात आहे. वासरू गेलेल्या घरात सांगता येईल अशी. लोबो मोठ्या पोरांना सांगून बघते.

गुरुजी_निवृत्त
मोठ्यांसाठी व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'ही ठेवा. वानरांच्या टोळ्यांचं आहे, एकही वानर माणसासारखं बोलत नाही. पण नवा नर आला की पिल्लांचं काय होतं तेही त्यात आहे, म्हणून आठवीच्या आधी नको. लहानांसाठी 'किशोर'चे जुने अंक. १९७१पासूनचे बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. शाळेच्या संगणकावर एकदा उतरवून घ्या, गावात रेंज मिळेल तेव्हा.

कडवंचीवाला
आणि कोल्ह्याची गोष्ट सांगितली तर डिसेंबर होता हे नक्की सांगा.

गोदाकाठची
सांगते! रिक्षावाले दादा, दिवाळीनंतर पोरांना अजिंठ्याला आणायचा विचार आहे. एका दिवसात वेरूळही होईल का?

वेरूळ_अजिंठा_रिक्षा
होतं, पण करू नका. दोन्हीकडं पळापळ होते आणि पोरांना फक्त बस आठवते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, तेवढं बघून तारीख धरा. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावावी लागते, तिथून पुढं बसनं जायचं. सकाळी पहिल्या गर्दीच्या आधी या आणि ओळीनं नंबर घेत बसू नका. १, मग १०, मग १७. बाकीची राहिली तरी चालतील. पाण्याच्या बाटल्या घरून आणा.